दारातला बिशप आणि खासगी पत्र

चर्चच्या एखाद्या सभासदाचे पाप उघड असेल तर त्याची कानउघाडणीही पहिल्या दिवसापासून चारचौघांतच व्हावी, या मताच्या पुष्ट्यर्थ मिलानचे बिशप अँब्रोज यांनी रोमन सम्राट थिओडोसियसला चर्चच्या दारात अडवल्याचा दाखला दिला जातो. वजनदार सभासदाला सूट नको, हे मान्यच. दाखला मात्र दुसऱ्याच बाजूला, म्हणजे आधी खासगीत कानउघाडणी करण्याकडे, झुकतो. दारातला तो नाट्यमय प्रसंग थिओडोरेट या चर्च-इतिहासकाराच्या पाचव्या शतकातील इतिहासात येतो, आणि चित्रकारांना तो भारी आवडला. प्रत्यक्षात ३९० साली ग्रीसमधील थेस्सलोनिका शहरात सम्राटाच्या सैनिकांनी नागरिकांची कत्तल केल्यावर अँब्रोज यांनी आजारपणाचे कारण देऊन त्याची भेट टाळली आणि त्याने एकट्यानेच वाचावे म्हणून स्वहस्ते पत्र लिहिले. त्यात आपले पाप कबूल करणाऱ्या बायबलमधील दावीद राजाचे उदाहरण देऊन, आपण हजर राहणार असाल तर मला मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासनाविधी) अर्पण करण्याचे धाडस होणार नाही, असे त्यांनी आदब राखून पण स्पष्ट कळवले. प्रायश्चित्त मात्र झाकून उरकले गेले नाही : राजवस्त्रे उतरवून सम्राट चर्चमध्ये सर्वांदेखत रडला, असे खुद्द अँब्रोज यांनीच ३९५ मध्ये त्याच्या अंत्यविधीप्रसंगीच्या भाषणात सांगितले आहे.