सोने, ऊद आणि आजीचा हिराबोळ: तुमच्या आठवणीतल्या भेटी लिहा

जालन्याची_मी:
काल माळ्यावरची पेटी आवरताना पितळी करंडा सापडला. तळाला तपकिरी खडे अजून चिकटलेले. १९९१च्या नाताळच्या नाटकात मी तिसरी मागी होते, म्हणजे बाळ येशूला भेटी घेऊन आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांपैकी एक. उंच म्हणून पोरांत उभी केलेली, काजळाच्या मिशा काढून. पहिल्याकडे सोनं (बेगड लावलेली काडेपेटी), दुसऱ्याकडे ऊद, माझ्याकडे गंधरस. चर्चच्या पाळकसाहेबांनी तालमीत सांगितलं, सोनं राजाला, ऊद देवाला, आणि गंधरस मरणाची खूण, प्रेताला लावतात तो. मी रडायलाच लागले. तान्ह्या बाळाला असलं कोण नेतं?

आजी बेथेलची, सुईणपण केलेली. म्हणाली, "गंधरस काय गंधरस, आपला हिराबोळ की तो. सोनं खर्चून जाईल, ऊदाचा धूर होईल. बाळंतिणीचं बघणारा तू एकलाच." आणि याच करंड्यात खराखुरा हिराबोळ घालून दिला. मी स्टेजवर चाटून बघितला. कडूजहर! मरीयेसमोर तोंड वाकडं करून उभी.

परभणीकर:
मिशांचा फोटो टाका आधी.

उदगीरची_सून:
हसायलेय बाई. सासूबाईंनी मला गुळात गोळी करून दिलेला दोन्ही वेळा. गंधरस म्हंजे तोच हे आज कळायलंय, इतकी वर्षं बायबल वाचून! गुलमंडीच्या बाजारात मिळतो का अजून? लेकीला नववा लागलाय.

झाडपाला:
काष्टौषधीवाल्याकडे मिळेल. पण पोटुशीला अजिबात देऊ नका. नंतरही डॉक्टरांना विचारूनच.

उदगीरची_सून:
नंतरच हो. तेवढं कळतं.

बीडचा_चिकित्सक:
मत्तयाचा दुसरा अध्याय नीट वाचा. मागी तीनच होते असं कुठं लिहिलंय? भेटी तीन म्हणून आपण माणसं तीन केली. गोठाही नाही, ते 'घरात' गेले. हेरोद राजाने दोन वर्षांपर्यंतची मुलं मारायला लावली, म्हणजे बाळंतपण केव्हाच सरलं असणार. आजींचा हिशोब चुकला.

जालन्याची_मी:
दादा, हे तिच्या तोंडावर म्हणून दाखवायचं होतं.

खुलताबादचा:
उर्साला ऊद पेटला की आमची गल्ली घमघमते. लहानपणी वाटायचं, ऊद फक्त आमचाच. शाळेतल्या नाताळच्या नाटकात मागीच्या हातात बघितला आणि घरी येऊन तक्रार केली की आपला ऊद त्यांनी नेला.

छावणीतली_टीचर:
यंदा आमच्या मागीने सोनं म्हणून आईची खरी बांगडी आणली. न विचारता. आजच्या भावात! तालीम संपेपर्यंत मी पर्स काखेत धरून बसले.

अंबडचा_म्हातारा:
विषय सोडून लिहितोय. १९७२. वडील दुष्काळी कामावर खडी फोडायचे. कापणीच्या सणाला चर्चात ज्वारी, कोंबडे, भोपळे यायचे, मग लिलाव. त्या साली कापायलाच काही नव्हतं. आईनं मापटंभर लाल मिलो, म्हणजे दुष्काळातली परदेशी ज्वारी, रुमालात बांधून पुढं ठेवली. लिलावात कुणी बोली लावेना. शेवटी पाळकांनीच घेतली आणि अंधार पडल्यावर आमच्याच दारात आणून दिली. आई भडकली. "दानपेटीत दोन टोल्या, दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेला येशूनं त्या परत केल्या का?" पाळक खाली मान घालून गेले. भाकरी मात्र झाल्या त्या रात्री. मी दोन खाल्ल्या.

परभणीकर:
काका, दुष्काळात खायला वाटायचे ती सुकडी विसरलात?

अंबडचा_म्हातारा:
सुकडी कोण विसरंल! खिशात भरून शाळेत न्यायचो, मुंग्या लागायच्या चड्डीला.

झाडपाला:
बेथेल म्हणजे रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलेलं ख्रिस्ती गाव ना, जालन्याजवळचं?

जालन्याची_मी:
तेच.

बीडचा_चिकित्सक:
पाळकसाहेबही चूक नव्हते बरं का. क्रुसावर गंधरस घातलेला द्राक्षारस दिला, तो येशूने घेतला नाही (मार्क १५). नंतर निकदेम नावाचा एकजण येशूच्या देहासाठी गंधरस आणि अगरू घेऊन आला (योहान १९).

जालन्याची_मी:
आजी २००३ला गेली. शवपेटी बंद करण्याआधी आईला हाच करंडा हवा होता, तिच्या उशाशी ठेवायला. घर पालथं घातलं, सापडला नाही. मग बाजारचं अत्तर शिंपडलं. काल सापडला.

उदगीरची_सून:
ताई, ते खडे काढू नका हं. चिंच लावून घासायला घ्याल.

जालन्याची_मी:
बाहेरूनच घासलाय.