तातडीची मदत: डेअरीच्या सॉफ्टवेअरचं कोटेशन किती द्यावं?

कोरा_चहा
सोमवारी सकाळी ११ वाजता कोटेशन द्यायचंय. डेअरीचं सॉफ्टवेअर आहे. स्क्रीन मोजल्या, १४ भरल्या. मी आणि एक मित्र, दोघंच. दोन महिने धरतोय. किती सांगू? जास्त सांगितलं तर काम जाईल, कमी सांगितलं तर आम्ही जाऊ. मागे एका शाळेचं फीचं काम ३० हजारांत घेतलं, सहा आठवड्यांचं साडेसात महिने चाललं. कृपया लेक्चर नको, आकडा सांगा.

तर्कटी
डेअरी म्हणजे काय? गावातलं संकलन, चिलिंग प्लांट, की पिशव्या विकणारी?

कोरा_चहा
संकलन हो. कोल्हापूरकडची गावातली संस्था. शेतकरी दूध घालतो, फॅट बघून दर, दहा दिवसांनी बिल. नेहमीसारखंच. यात विचारण्यासारखं काय आहे?

जुनं_खोड
लेक्चर नको म्हणालात म्हणून थोडक्यात. बॅरी बोहेम यांचं कोकोमो मॉडेल, सॉफ्टवेअरला किती मेहनत लागेल ते काढायचं सूत्र, १९८१. लहान टीम, ओळखीचं काम असेल तर हजार ओळींच्या आकड्याचा १.०५ वा घात घ्या, २.४ ने गुणा. तुमचं सॉफ्टवेअर १० हजार ओळींचं धरलं तर २७ मनुष्य-महिने येतात, म्हणजे एकट्या माणसाचं २७ महिन्यांचं काम. कालावधी पावणेनऊ महिने.

कोरा_चहा
२७??

पिवळा_डबा
काका, ओळी कोड लिहून झाल्यावर मोजतात. लग्न ठरायच्या आधी बारशाची पत्रिका छापताय. आणि ते गुणक ६३ जुन्या प्रकल्पांवरून काढलेले, त्यात गावातली दूध संस्था एकही नसणार.

जुनं_खोड
ओळी नको असतील तर फंक्शन पॉइंट मोजा, म्हणजे सॉफ्टवेअर काय काय करतं त्याचे गुण, आयबीएमच्या आल्ब्रेख्त यांनी १९७९ मध्येच मांडलेत. स्क्रीन मोजण्यापेक्षा केव्हाही बरे. हल्ली कुणाला काही मोजायचंच नसतं, हा खरा रोग आहे.

दूधवाली_सून
माझे सासरे १९ वर्षं संस्थेचे सचिव होते, म्हणून विचारते. गाय-म्हैस दोन्ही दूध आहे का? गायीचा मूळ दर ३.५ फॅट, ८.५ एसएनएफला (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरतात, म्हशीचा ६.० आणि ९.० ला. त्याच्या वर-खाली एकेका पॉइंटला वाढ नाहीतर कपात. दहा दिवसांच्या मधेच दर बदलला तर अर्धं बिल जुन्या दराने काढायचं? उचल, पशुखाद्याची कपात, दिवाळीचा फरक? सकाळचं दूध नासलं म्हणून परत केलं तर नोंद कुठे? भांडणं सगळी तिथेच होतात. आणि मशीन जोडायचंय की फॅट हाताने लिहिणार?

कोरा_चहा
मशीन जोडायचंच आहे, ते तर असतंच ना. तीन केंद्रं, तिन्हीकडे वेगवेगळ्या कंपनीचे फॅट मोजायचे अॅनलायझर. सीरियल केबल दिसली मागे.

तर्कटी
"ते तर असतंच ना" म्हणे! अहो, ही ओळ धाग्याच्या डोक्यावर हवी होती. १४ स्क्रीन गेल्या खड्ड्यात, काम या तीन केबलींत आहे.

वेगवान
एवढा कीस कशाला? एआयला सांगा. शनिवार-रविवारात १४ स्क्रीन तयार होतात. मी बायकोच्या बुटीकचं असंच केलं.

पिवळा_डबा
स्क्रीन होतील हो. सकाळी साडेसहाला लाइट गेली, रांगेत ८० जण कॅन घेऊन उभे आणि मशीन फॅटच्या जागी नुसते शून्य पाठवतंय, तेव्हा केबल हलवायला एआय येणार का?

सातासमुद्रापार
इथे आम्ही फिक्स्ड प्राइस घेतच नाही. दर तासाचा रेट, दोन आठवड्यांचे स्प्रिंट म्हणजे कामाचे टप्पे, अंदाज स्टोरी पॉइंटमध्ये, म्हणजे दिवसांऐवजी काम किती अवघड त्याचे गुण. ग्राहकाला तसं समजावून सांगा.

कोरा_चहा
चेअरमनना स्टोरी पॉइंट सांगितले तर म्हणतील, गोष्ट राहू दे, दर सांग.

हिशेबी_मांजर
जीएसटीबद्दल कुणी बोललं नाही. सेवा व्यवसायात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणी लागत नाही. लागली तर १८ टक्के वेगळे दाखवा. अॅपच्या नावाचा ट्रेडमार्कही आत्ताच करून ठेवा.

कोरा_चहा
अॅप नाहीये. फक्त शेतकऱ्याला पावतीचा मेसेज जाणार.

मिरज_मळा
मेसेज?? कोटेशनमध्ये नसेल तर आत्ता घाला. एसएमएससाठी डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांचं नोंदणी पोर्टल) संस्थेची नोंदणी लागते, हेडर म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव आणि प्रत्येक मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो. मराठी मेसेज ७० अक्षरांत बसवायचा, इंग्रजीला १६० मिळतात. नाव, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम... दोन मेसेजचे पैसे पडणार. रोज दोन वेळा, प्रत्येक सभासदाला. हा खर्च कुणाचा ते लिहून घ्या.
सभासदांची जुनी यादी कशात आहे?

कोरा_चहा
एक्सेलमध्ये. श्रीलिपीत, म्हणजे जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलीय, पण कॉपी-पेस्ट होईल ना?

मिरज_मळा
नाही होणार. युनिकोडमध्ये बदलावी लागेल, मग जोडाक्षरं आणि रफार एकेक तपासायचे. बिलावर नाव चुकलेलं शेतकरी खपवून घेत नाही.
स्क्रीन सोडा, कामाचे तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्याला तीन आकडे: सगळं सुरळीत झालं तर, नेहमीसारखं झालं तर, वाट लागली तर. मधला चारदा धरायचा, तिन्हींची बेरीज करून सहाने भागायचं. एक मशीन जोडणं ३ दिवस, ६ दिवस, २१ दिवस. म्हणजे ३ अधिक २४ अधिक २१, भागिले ६, आठ दिवस. तुमच्या डोक्यात बहुतेक तीनच असतील. शाळेच्या कामातही तुम्ही पहिलाच आकडा लिहिला असणार.
आणि सोमवारी पूर्ण आकडा देऊच नका. एक केंद्र, एक मशीन, दरपत्रक आणि दहा दिवसांचं बिल, एवढ्याचेच पैसे ठरवा. बाकीचं पट्ट्यात सांगा, इतके ते इतके.

जुनं_खोड
ही पर्टची पद्धत, प्रकल्पाचं वेळापत्रक आखायची. १९५८, अमेरिकन नौदलाचा पोलारिस प्रकल्प. मी सांगणारच होतो.

घागर_रिकामी
विषय निघालाच आहे तर, दुधाला धड भाव मिळत नाही यावर कुणी बोलेल का?

तर्कटी
त्यासाठी वेगळा धागा काढा.

कोरा_चहा
जाऊन आलो. पहिला टप्पा ४५ हजार, अर्धे आगाऊ. एकूण विचारलं तेव्हा दीड ते अडीच लाख म्हणालो. चेअरमन म्हणाले, पुतण्या सगळं चाळीसला करतो म्हणाला होता. बुधवारी संचालकांच्या मीटिंगमध्ये ठेवणार आहेत.

दूधवाली_सून
पुतण्याने तिन्ही मशीन बघितलीत का?

कोरा_चहा
नाही. त्याने माझ्यासोबत फक्त स्क्रीन मोजल्या. पहिल्या पोस्टमधला मित्र तोच. चुलत्याला आकडा आधीच सांगून बसला होता.

तर्कटी
हे आत्ता सांगताय?

कोरा_चहा
कुणी विचारलंच नाही.

जुनं_खोड
कोकोमोत खर्च वर-खाली करणारे १५ घटक आहेत. चुलता त्यात नाही.