झाडं आहेत, मग पाणी कुठे अडतंय?

निर्मळची_पोर:
माझं माहेर वसईत, मी राहते कांदिवलीला. गेल्या आठवड्यात आईकडे गेले तर पाणी पार ओटीवर, आमच्याकडे आधी कधीच असं झालं नव्हतं. भाऊ म्हणतो अगं माड, केळी अजून आहेत की, आणि मॅपवर पण हिरवंच दिसतं. मग बदललं काय? शहर वाढलं की नक्की काय तुटतं, कोणी नीट सांगा ना.

जुना_वसईकर:
ताई, झाडं सोडा, बावखलं म्हणजे वाडीतली छोटी तळी मोजा. आमच्याकडे वाडीवाडीत बावखल असायचं, पावसाचं पाणी त्यात साठायचं, जिरायचं, म्हणून खाडी एवढी जवळ असून विहिरी गोड्या राहायच्या आणि उन्हाळ्यात राहाट लावून केळी, पानवेल भिजायची. जास्तीचं पाणी ओहोळाने खाडीत. आता दोन गुंठ्यांचं बावखल बुजवलं तर मॅपवर ठिपकाही दिसत नाही, पण मागच्या सगळ्या वाड्यांची वाट बंद होते. त्यात नवीन बिल्डिंग भराव टाकून उंच करतात म्हणजे जुनी घरं आपोआप खड्ड्यात. हरित वसई चळवळीवाले, फादर दिब्रिटो वगैरे, ८०च्या दशकाच्या शेवटी रस्त्यावर उतरले ते या पाण्यासाठी आणि जमिनीसाठीच, तेव्हा आपल्यातल्याच कितीजणांनी ऐकलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं. मिठागरांचंही तेच, भरतीचं आणि पावसाचं पाणी आधी तिथे पसरायचं.

घोडबंदर_रोड:
जंगलाचं पण सेम आहे बघा. बोरिवली नॅशनल पार्क साधारण १०४ चौ. किमी, कागदावर आहे तेवढंच. पण तिकडे वसईच्या बाजूला तुंगारेश्वरचं जंगल, इकडे पार्क, खाडी तर मध्ये आधीपासूनच होती, आता तिच्या जोडीला घोडबंदर रोड आणि टॉवर. बिबट्याला पलीकडे जायचं तर रात्री गाड्यांमधूनच जायचं, आणि काही गाडीखाली मेलेत. एरिया तोच पण दोन जंगलांची गाठ सुटली की उरतात दोन बेटं.

लोकलमधला_मास्तर:
क्रम बघा. १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी आली, पुढे स्टेशनांभोवती वस्ती झाली, मध्ये शेतं, खाजण (खाडीकाठची खारी जमीन) होतं. मग रस्ते आले आणि त्या फटी भरत गेल्या. आधी पट्टा तुटतो, मग तुकडा एकटा पडला की तो विकणं सोपं जातं कारण एकट्या वाडीत शेती परवडत नाही. ताई, गूगल अर्थवर १९८४ पासूनचा टाइमलॅप्स आहे, वसईवर नेऊन लावा आणि हिरवा रंग न बघता मधल्या रेघा कुठून कुठे गेल्या ते बघा.

निर्मळची_पोर:
टाइमलॅप्स बघितला, रडू आलं. आईला विचारलं तर आमच्या आळीत ५ बावखलं होती म्हणे, आता २, आणि त्यातल्या एकात आमच्याच काकांनी डेब्रिज टाकायला दिलंय. रविवारी काकांशी बोलायला जातेय. वसईकर दादा, तुम्ही याल का सोबत? माझं ते ऐकणार नाहीत.