'वर्कफोर्स डायव्हर्सिटी'ला मराठीत काय म्हणायचं?

शब्दवेडी : शासकीय कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी एक पुस्तिका मराठीत करते आहे. सरकारी नोकरीत 'वर्कफोर्स डायव्हर्सिटी' वाढवण्यावर त्यात एक अख्खं प्रकरण आहे. मी 'मनुष्यबळातील वैविध्य' लिहिलं, तपासनीसांनी ते खोडून 'सर्वसमावेशकता' केलं. मला ते पटत नाही. सगळ्यांना आत घेतलं एवढंच त्यातून कळतं. कोण शिपाई आणि कोण उपसचिव, हे कळतच नाही. वाचणारे बहुतेक तालुक्याच्या कार्यालयातले लिपिक आहेत. सुचवा.

करवीरकर : 'प्रतिनिधित्व' लिहा, दुसरं काही नको. संविधानाच्या अनुच्छेद १६(४) मध्येही मुद्दा पुरेशा प्रतिनिधित्वाचाच आहे. आणि आमच्या कोल्हापुरात २६ जुलै १९०२ लाच शाहू महाराजांचा हुकूम निघाला होता : रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांतून भरा. शिवाय खातेप्रमुखांनी नेमणुकांचं तिमाही पत्रक पाठवायचं, असंही त्यात होतं. ते तिमाही पत्रक मला सगळ्यात मोलाचं वाटतं. हिशेब मागितला नाही तर जागा कोण भरतो?

तळटीप : प्रतिनिधित्व हा परिणाम झाला. वैविध्य हे वर्णन आहे. दोन्ही एक नव्हेत.

आस्थापना_शाखा : माझी सगळी नोकरी आस्थापनेत गेली. तिथे हे दोन्ही शब्द कुणी उच्चारत नाही, तिथे 'बिंदू' चालतो, म्हणजे कोणतं पद कोणत्या प्रवर्गाचं हे ठरवणाऱ्या यादीतला क्रमांक. 'हा बिंदू विजाचा' (विमुक्त जातींचा), 'भज-ड चा (भटक्या जमाती-ड चा) बिंदू अजून रिकामाच आहे'. जाहिरातीआधी ही यादी (बिंदुनामावली) विभागीय आयुक्तांकडच्या मागासवर्ग कक्षातून, म्हणजे 'मावक'मधून, तपासून आणावी लागते. एकदा आमची नोंदवही तिथल्या बाईंनी ओळ न् ओळ वाचली. अनुसूचित जातीचा एक उमेदवार स्वतःच्या गुणांवर खुल्यातून लागला होता, पण नोंद झाली होती राखीव बिंदूवर. कागदावर पद भरलेलं, प्रत्यक्षात राखीव जागा एकाने कमी. बाईंनी लाल शाईने गोल केला आणि पुढच्या जाहिरातीत ती जागा आली. वैविध्य वाढतं ते असं.

तळटीप : पण 'बिंदुनामावली' हा शब्द काही जमलेला नाही. 'पॉइंट'चा सरळ बिंदू करून टाकला.

आस्थापना_शाखा : जमलेला आहे. प्रत्येक बिंदूसमोर कर्मचाऱ्याचं नाव, प्रवर्ग, जात वैधतेचा तपशील असतो. म्हणून नामावली. सर्वोच्च न्यायालयाच्या सभरवाल निकालानंतर (१९९५) हिशेब रिक्त जागांवर न राहता पदांवर आला, तेव्हापासून तर बिंदू त्या पदालाच चिकटतो.

अभ्यासिका_पुणे : मला 'समांतर आरक्षण' या शब्दावर बोलायचंय. महिलांना ३०, खेळाडूंना ५, अनाथांना १ टक्का, याला समांतर का म्हणतात? समांतर रेषा एकमेकींना भेटत नाहीत. हे आरक्षण तर अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग, खुला, प्रत्येक प्रवर्गातून आरपार जातं. म्हणजे 'छेदक' म्हणायला हवं. माझ्या मैत्रिणीला वाटायचं की महिलांच्या जागा प्रवर्गांच्या बाहेर वेगळ्या असतात. अर्ज भरताना तिचा घोळ व्हायचा तो या शब्दापायीच.

करवीरकर : मुद्दा बिनतोड आहे. न्यायालयांत जातिप्रवर्गांचं ते 'उभं' आणि महिला-खेळाडूंचं ते 'आडवं' असे शब्द आहेत, तेच घ्यावेत.

तळटीप : 'आडवं आरक्षण' ऐकायला बरं नाही. शासन निर्णयाची भाषा आब राखून असावी.

सावंतवाडीची : आब कसला? आधी 'आरक्षण' हाच शब्द तपासा. माझे वडील कायम 'राखीव जागा' म्हणायचे. राखीव जंगल, राज्य राखीव पोलीस बल... अस्सल मराठी शब्द हाताशी असताना रेल्वेच्या पाटीवरचा शब्द कशाला घ्यायचा?

तळटीप : 'आरक्षण' संस्कृतातून आलाय, रेल्वेतून नाही. आणि 'राखीव'मध्ये कुणीतरी दुसऱ्याने राखून ठेवल्याचा भाव येतो. हक्काच्या गोष्टीला तो शोभत नाही.

सावंतवाडीची : आमच्याकडे भाताचं बियाणं राखून ठेवतात ते पुढच्या पेरणीसाठी. त्यात उपकार कसला?

वऱ्हाडी_माणूस : तुम्ही सगळे 'अनुशेष', म्हणजे भरायची राहून गेलेली बाकी, विसरून राहिले. आमच्याकडे हा शब्द पोराटोरांनाही येते. प्रदेशाप्रदेशातला विकासाचा असमतोल मोजणाऱ्या दांडेकर समितीच्या १९८४ च्या अहवालापासून सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष ऐकत मोठे झालो. नोकरीतलाही तोच. 'अनु' म्हणजे मागोमाग. वर्षामागून वर्ष येते अन् बाकी मागं मागं येत राहते, असा मी अर्थ लावतो.

आस्थापना_शाखा : अर्थ बरोबर लावलात. २००० च्या ८१ व्या घटनादुरुस्तीने अनुशेषाची पदं वेगळा वर्ग धरली, चालू वर्षाच्या आरक्षणाच्या ५० टक्के मर्यादेत ती मोजायची नाहीत. तरी 'पात्र उमेदवार मिळाला नाही' असा शेरा मारून पदं पडून ठेवणारे मी पाहिलेत.

वऱ्हाडी_माणूस : मग त्याले 'थकबाकी' म्हणा सरळ. अनुशेष म्हटलं की कोणाचीच चूक नाही असं वाटते. थकबाकी म्हटली की देणारा कोण ते विचारता येते.

शब्दवेडी : थकबाकी पैशाची असते. पदांची कशी चालेल?

अभ्यासिका_पुणे : का नाही चालणार? पगार पैशातच मिळतो ना. आणि 'दिव्यांग'चंही बघा. २०१६ च्या कायद्याने नोकरीतलं त्यांचं आरक्षण ३ चे ४ टक्के झालं ते चांगलंच झालं, पण माझा भाऊ म्हणतो, मला अपंगच म्हणा, फक्त परीक्षा केंद्र तळमजल्यावर द्या.

तळटीप : 'अपंग' आता शासकीय भाषेत चालत नाही.

सावंतवाडीची : ज्याचं अंग त्याला विचारा की.