झाडांच्या पाट्यांवर शास्त्रीय नावाला कुठला इटॅलिक फॉन्ट घ्यावा?

वडाची_पारंबी
सोसायटीतल्या झाडांना नावाच्या पाट्या लावतोय, गडद हिरव्यावर पांढरी अक्षरं, वर मराठी नाव आणि खाली इंग्रजी लिपीत शास्त्रीय नाव. मला कॉरमोरंटचं इटॅलिक भयंकर आवडलंय, स्क्रीनवर काय राजेशाही दिसतं, पण पाटीवाल्याने सँपल दिलं त्यात बारीक रेघा जवळपास गायबच आहेत आणि कमिटीतले एक काका म्हणतात चष्मा लावूनही दिसत नाही, सरळ एरियल टाका. एरियल नकोय हो! नाजूकपणाही राहील आणि वाचताही येईल असं सेरिफ (अक्षरांच्या टोकांना छोट्या रेघा असलेलं) इटॅलिक सुचवा. आणि मराठी नाव पण तिरकं करू का, म्हणजे मॅच होईल?

खिळेजुळवणारा
काकांचं निम्मं बरोबर आहे. कॉरमोरंट मुळात मोठ्या आकारासाठी काढलेला फॉन्ट आहे, पोस्टर, मासिकाचं मथळ्याचं पान, लग्नपत्रिकेतली नावं वगैरे. त्याच्या जाड-बारीक रेघांमधला फरक हीच त्याची शोभा आणि लहान केलं की तीच पहिली मरते, त्यात तुमची अक्षरं गडदावर पांढरी, म्हणजे भोवतीची हिरवी शाई जराशी पसरली तरी बारीक रेघ बुजली. प्लेफेअर डिस्प्ले या फॉन्टचंही तेच, नावातच डिस्प्ले आहे, म्हणजे मोठ्या आकारासाठीचा.

ईबी गॅरामॉन्डचं इटॅलिक घ्या, आणि रेग्युलर नको, मीडियम वजनाचं, म्हणजे जरा जाड रेघांचं घ्या. फुकट आहे, गूगल फॉन्ट्सवर मिळतं. फ्रँकफर्टच्या 1592 च्या छपाईच्या अक्षरांच्या एका नमुनापत्रावरून ते बेतलंय, त्यातली सरळ अक्षरं क्लोद गॅरामॉन्डची आणि तिरकी रॉबेर ग्राँजॉंची. एका कुटुंबात दोन कारागीर! इटॅलिक म्हणजे सरळ अक्षराला धक्का देऊन वाकवलेलं नसतं, ते वेगळंच काढलेलं असतं, म्हणून त्याला ती हाताची लय असते.

खरं इटॅलिक आलंय का बघायचं तर आंब्याचं मँजिफेरा इंडिका टाइप करा. त्यातल्या एफची शेपटी ओळीखाली उतरली आणि ए हाताने लिहितो तसा एकमजली झाला तर खरं. ए दुमजलीच राहिला तर इटॅलिकची फाइल इन्स्टॉल झालेली नाही, वर्डने स्वतःच अक्षरं वाकवलीत.

कोरलवाली
मराठी नाव अजिबात तिरकं करू नका!! देवनागरीत काना शिरोरेघेला काटकोनात लटकतो, तिरकं केलं की अख्खा शब्द वाऱ्याने कलंडल्यासारखा दिसतो. सरळच ठेवा, थोडं ठळक करा, दोन लिप्या तशाही वेगळ्या दिसतातच. फॉन्ट हवा असेल तर टिरो देवनागरी मराठी बघा, त्यात ल आणि श आपल्या मराठी वळणाचे आहेत. बेल, शिरीष, अशोक अशा पाट्यांवर हिंदी वळणाचा ल-श आला की माझ्या तरी डोळ्यात खुपतो.

आणि फाइल देताना सगळी अक्षरं कर्व्ह करून द्या, म्हणजे फॉन्टवर न विसंबणारे नुसते आकार. पाटीवाल्याच्या मशीनवर तुमचा फॉन्ट नसेल तर भलताच फॉन्ट बसतो आणि कुणाला कळतही नाही. मराठी श्रीलिपी या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये केलं असेल तर मग विचारूच नका.

पानफूल
इटॅलिक नक्की कशाला करायचं तेही बघा, अर्ध्या बागांतल्या पाट्यांवर गोंधळ असतो. प्रजाती (जीनस) आणि जाती (स्पीशीज) ही दोनच नावं इटॅलिक, पहिल्याचं पहिलं अक्षर कॅपिटल, दुसरं नाव पूर्ण लहान लिपीत. वडाच्या नावापुढे फायकस बेंघालेन्सिस एल. असं येतं, त्यातला एल. म्हणजे लिनिअस, तो सरळ. मधे व्हार. (प्रकार) किंवा सबस्प. (उपजाती) आलं तर तेही सरळ. कुळाचं नाव लिहिणार असाल तर बहुतेक ठिकाणी तेही सरळच छापतात, पण याबाबत सगळ्यांची पद्धत एक नाही, तुम्ही एकच धरा आणि सगळ्या पाट्यांवर तीच ठेवा.

जुनाछापखाना
इटॅलिक आलं ते कागद वाचवायला ना? व्हेनिसचा मुद्रक आल्दुस मानुतिउस याने 1501 मध्ये रोमन कवी व्हर्जिलचं खिशात मावेल असं पुस्तक काढलं ते अख्खं इटॅलिकमध्ये होतं.

खिळेजुळवणारा
पुस्तक बरोबर, कारण मला पटत नाही. पुस्तक लहान झालं ते मुख्यतः कागदाच्या घडीमुळे. आल्दुससाठी फ्रांचेस्को ग्रिफोने ते छपाईचे खिळे कोरले ते त्या काळच्या विद्वानांच्या वेगवान हस्ताक्षरावरून, वाचकाला ओळखीचं वळण मिळावं म्हणून. गंमत म्हणजे त्यात कॅपिटल अक्षरं सरळच होती. मजकूर सरळ आणि मधे जोर द्यायला किंवा परकी नावं वेगळी दाखवायला इटॅलिक, ही जोडी नंतर जमली.

कोरलवाली
भरभर लिहायच्या वळणातून आलं म्हणता, मग मराठीचं खरं इटॅलिक मोडीच की 😄 पण पाटीवर टाकलं तर काका कमिटीतून काढतील.

वडाची_पारंबी
धन्यवाद सगळ्यांना. गॅरामॉन्ड मीडियम इटॅलिकमध्ये ताम्हण आणि पळस करून बघितले, घरच्या प्रिंटरवर हिरवा कागद काढून झाडाला चिकटवले आणि फुटपाथवरून वाचले, ताम्हणाचं लॅजरस्ट्रोमिया लांबलचक असूनही एका ओळीत बसलं कारण इटॅलिक अरुंद असतं. काकांनाही वाचता आलं, फक्त ते आता म्हणतायत आंब्याच्या पाटीवर हापूस पण लिहा. तो इटॅलिक का?

पानफूल
नाही. हापूस हे लागवडीतलं वाण. मँजिफेरा इंडिका इटॅलिक, पुढे अल्फोन्सो सरळ अक्षरात, एकेरी अवतरणात. पण आधी झाड हापूसचंच आहे ना ते विचारा, कोय लावून उगवलेलं असेल तर ती पाटी कोकणातल्या माणसाला दाखवू नका.