मिक्सर गाड्यांना दिवसा बंदी घाला म्हणणाऱ्यांसाठी

साइटवाला:
काल इथे एकांनी लिहिलं, "हे गरगरणारे राक्षस सकाळी सात ते रात्री दहा पुण्यात शिरूच देऊ नका. बिल्डरांना काय करायचंय ते रात्री करू दे." खाली होकारांची रांग लागली. मी बावीस वर्षं साइटवर काढली आहेत. वाचून डोकं तापलं, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

काँक्रीट म्हणजे विटा नव्हेत, की आज आणून टाकल्या आणि उद्या लावल्या. सिमेंटला पाणी लागलं की घड्याळ सुरू. तयार काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४९२६ सांगतं, माल भरल्यापासून दोन तासांत गाडी रिकामी झाली पाहिजे. सेट होणं लांबवणारं रसायन, म्हणजे रिटार्डर, घातला तर मुदत वाढते, पण अमर्याद नाही. आता एक साधा स्लॅब धरा, २४० घनमीटरचा. एका गाडीत ६ घनमीटर, म्हणजे ४० फेऱ्या. माल वर चढवणाऱ्या पंपाला तासाला पाच गाड्या लागतात. सकाळी आठला सुरू केलं तर आठ तास सलग, मध्ये खंड चालत नाही. खंड पडला की आधीचा थर सेट होतो, नवा त्याला धरत नाही आणि तिथे कोल्ड जॉइंट राहतो. पुढे त्याच रेघेतून पाणी झिरपतं.

रात्री करा म्हणता? २००० च्या ध्वनी नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा ही शांततेची वेळ आहे आणि रहिवासी भागाची मर्यादा ४५ डेसिबल. पंप आणि व्हायब्रेटर त्यात बसणं शक्य नाही. दिवसा तुम्ही नको म्हणता, रात्री कायदा नको म्हणतो.

२००९ च्या मे महिन्यातली गोष्ट सांगतो. सिंहगड रोडच्या आत साइट होती. एक गाडी चौकात दीड तास अडकली. ड्रायव्हरचा फोन आला, "साहेब, माल गरम व्हायला लागलाय." मी मोटरसायकलवरून गेलो. ड्रमला हात लावला तर पत्रा चटका देत होता. समोरच्या किराणा दुकानातून दहा किलो साखर आणली, ड्रायव्हर मागच्या शिडीवरून चढला आणि पोतं ड्रमच्या तोंडात रिकामं केलं. साखरेने सिमेंट सेट होणं लांबतं. ड्रम वाचला, माल मात्र फेकावा लागला. इकडे पंप थांबून स्लॅबमध्ये जॉइंट पडला तो पडलाच. बंदी मागताना कुणाच्या घराच्या छताबद्दल बोलतोय, ते लक्षात ठेवा.

नऱ्हेची रहिवासी:
तुमच्या साखरेची गोष्ट वाचली. आता माझी ऐका. चार वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ सकाळी सव्वाआठला स्कूटरवरून कामाला निघाला होता. सिग्नलला मिक्सरच्या डाव्या बाजूला उभा होता. हिरवा झाला, गाडी डावीकडे वळली आणि तो मागच्या चाकांखाली गेला. ड्रायव्हरला कळलंसुद्धा नाही. लोक ओरडत धावले तेव्हा गाडी थांबली. भाऊ वाचला, डावा पाय गुडघ्यापासून गेला. तो तीस वर्षांचा होता. तुम्हाला कोल्ड जॉइंटची काळजी आहे. आमच्या घरात रोज संध्याकाळी कृत्रिम पाय काढून कोपऱ्यात उभा करून ठेवतात. काल बंदीला पहिला होकार माझा होता आणि आजही आहे.

साइटवाला:
ताई, हे वाचून पुढे काही लिहायला हात धजत नाही. पण दोष गाडीच्या वेळेचा आहे की डाव्या बाजूला काहीच न दिसण्याचा, एवढंच विचारतो.

नऱ्हेची रहिवासी:
शाळा आणि ऑफिसची गर्दी नसती तर तो तिथे नसता. वेळेचाही आहे.

आकडेमोड:
साइटवाल्यांचा हिशेब अर्धाच आहे. तोच २४० घनमीटरचा स्लॅब पूर्वी साइटवरच कालवला जायचा. सिमेंट, वाळू, खडी १:१.५:३ या प्रमाणाने घनमीटरला आठ गोण्या, म्हणजे १९२० गोण्या, ९६ टन. सहा ट्रक. खडी साधारण ७५ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), वाळू ३७ ब्रास. पाच ब्रासच्या डंपरने २२-२३ फेऱ्या. एकूण २८-२९. तुमच्या मिक्सरच्या ४०. शिवाय खडी-वाळूला दोन तासांचं घड्याळ नसतं, पहाटे पाचला आणून टाका. म्हणजे रस्त्यावरच्या फेऱ्याही वाढल्या आणि त्या भर गर्दीतही आल्या. हे आधी मान्य करा.

साइटवाला:
फेऱ्यांचं मान्य. मला हा आकडा आवडत नाही, पण बरोबर आहे. आता सांगा, ७५ ब्रास खडी ठेवणार कुठे? आज दहा गुंठ्यांच्या प्लॉटवर सोसायटीचा पुनर्विकास चालतो. तिथे ढीग रस्त्यावरच येणार. वीस वर्षांपूर्वी यायचाच. पावसात ती खडी रस्ताभर पसरून किती दुचाकीवाले घसरले, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि १९२० गोण्या फोडल्यावर उडणारं सिमेंट समोरच्या बाल्कन्यांत जातं.

आकडेमोड:
घसरण्याचं तुम्ही बोलूच नका. मिक्सरच्या नाळीतून सांडलेला माल चढावर वाळून टेंगळं होतात, ती कोण काढतं? आणि गाडी धुतलेलं पाणी ओढ्यात सोडतात. ते किती क्षारीय असतं, एकदा पीएच पट्टी बुडवून बघा.

साइटवाला:
धुतलेलं पाणी ओढ्यात सोडणाऱ्याची गाडी जप्त करा, माझी ना नाही. त्यावर बंदी हा उपाय होत नाही.

पाचवा मजला:
तुमचं ते दोन तासांचं घड्याळ आणि कोल्ड जॉइंट वाचून राहवलं नाही. आमच्या इमारतीला सहा वर्षं झाली. हॉलच्या छताला पहिल्याच पावसाळ्यात ओल. मी ताबा घेण्याआधी दर रविवारी साइटवर जायचो. एका रविवारी स्लॅब चालू होता. मिक्सर उभा, एक पोरगा मागे चढून ड्रमच्या तोंडात पाण्याचा पाइप सोडून बसलेला. मी घड्याळ लावलं, पाच मिनिटं पाइप आतच. विचारलं तर म्हणतो, "माल घट्ट आहे, पंपातून जात नाही." हे तुमचं शास्त्र! काँक्रीट बनवणाऱ्या प्लँटमध्ये ग्रॅमवर मोजायचं आणि गेटवर पाइप सोडायचा.

साइटवाला:
हे चूक आहे आणि आमच्या धंद्याला लागलेली ही कीड आहे. ६ घनमीटरच्या गाडीत पाच मिनिटांत १२० लिटर पाणी गेलं, तर घनमीटरला २० लिटर. ३६० किलो सिमेंटला १६० लिटर पाणी ठरलेलं असतं, ते झालं १८०. पाणी-सिमेंट प्रमाण ०.४४ वरून ०.५० वर. ताकद घसरतेच, शिवाय जास्तीचं पाणी उडून गेलं की मागे बारीक छिद्रं राहतात. पण तुमची ओल नक्की त्यामुळेच, असं मी म्हणणार नाही. निम्म्या तक्रारी वरच्या बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगच्या निघतात.

पाचवा मजला:
वर बाथरूम नाही. वर गच्ची आहे. मी पाचव्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर राहतो. दरवेळी आम्हाला हेच ऐकवतात, बाथरूम, प्लंबर, कुंड्या. तीन वेळा केमिकल मारून झालं, दीड लाख गेले.

जुना ओव्हरसियर:
चाळीस वर्षं सरकारी कामं पाहिली. आमच्या वेळी एका गोणीचा मिक्सर असायचा. पाणी डब्याने मोजून घालायचं, मी स्वतः समोर खुर्ची टाकून बसायचो. घमेल्यांची साखळी लागायची, माणसं गाणी म्हणत स्लॅब ओढायची. दुसऱ्या दिवसापासून स्लॅबवर वाळूचे बांध घालून पाणी साठवायचं. त्या इमारती आजही गळत नाहीत. आता काँक्रीट फोनवर मागवतात आणि पाणी मारायला कुणाला वेळ नाही. गळती क्युरिंग, म्हणजे हे पाणी मारणं, नीट न झाल्यामुळे आहे हो, पाइपमुळे नव्हे.

पाचवा मजला:
पाइपमुळे नव्हे? मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणतो ना!

जुना ओव्हरसियर:
तुम्ही एक गाडी पाहिली. उरलेल्या पस्तीस पाहिल्या का? आवाज चढवून स्लॅब सुकत नाही.

पाचवा मजला:
दीड लाख तुमचे गेले असते म्हणजे तुमचाही आवाज चढला असता.

घमेलंवालीचा मुलगा:
ओव्हरसियर काका, तुम्ही खुर्ची टाकून बसायचात. माझी आई त्या साखळीत होती. उस्मानाबादकडून आलो होतो, कात्रजला झोपडीत राहायचो. स्लॅबचा दिवस असला की ती पहाटे पाचला जायची आणि कधी रात्री दोनला यायची, कारण सुरू झालेला स्लॅब अर्धा सोडता येत नाही. सिमेंटच्या पाण्याने बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी होऊन फाटलेली असायची. भाकरी थापता यायची नाही, मी पीठ मळून द्यायचो. डोक्यावरची चुंबळ काढली की तिथले केस गेलेले दिसायचे. गाणी म्हणायची म्हणता ना? झोप येऊन शिडीवरून पडू नये म्हणून म्हणायची. ज्या दिवशी तिच्या साइटवर पहिल्यांदा पंप आणि मिक्सर आला, त्या दिवशी ती संध्याकाळी सहाला घरी आली. आम्हाला वाटलं काम सुटलं. सुटलंही थोडं, मजुरीचे दिवस कमी झाले. पण ती मानेची दुखणी परत आणा, असं कुणी माझ्यासमोर म्हणू नये.

जुना ओव्हरसियर:
बाळा, मी मजुरांविरुद्ध बोललो नाही, कामाच्या दर्जाबद्दल बोललो. माझं म्हणणं तुला टोचलं असेल तर तेवढं मागे घेतो. पाणी मारण्याबद्दलचं मागे घेत नाही.

आकडेमोड:
मूळ विषय बंदीचा होता. सगळे गळतीत वाहून गेले.

दहाचाकी:
मी मिलर, म्हणजे हीच मिक्सर गाडी, चालवतो. अकरा वर्षं. पुतण्या टाइप करून देतोय. तुम्ही सगळे बोललात, ड्रायव्हरला कुणी विचारलं नाही.

पहिलं पाण्याचं. पाइप आम्ही हौसेने सोडत नाही. गेटवर तासभर उभं करतात, तोवर माल घट्ट होतो. मग पंपवाला म्हणतो पाणी घाल, नाहीतर पंप चोक होईल. मी नाही म्हणालो तर ठेकेदार माल परत पाठवतो आणि त्याचे पैसे मालक माझ्या माथी मारतो. चलानावर सही देणारा इंजिनिअर त्या वेळी शेजारीच उभा असतो. साइटवाले साहेब, खरं सांगा.

दुसरं, परत आलेला माल ड्रममध्ये चिकटतो. तो काढायला आमच्यातलाच कुणीतरी छोट्या झाकणातून काँक्रीट फोडायचा ब्रेकर घेऊन आत उतरतो. आत अंधार, भट्टीसारखा उकाडा, ब्रेकरचा आवाज पत्र्यावर आदळून कानात घुसतो. धूळ अशी की समोरची पाती दिसत नाहीत. मी दोन वर्षं ते काम केलं. आता एका कानाने कमी ऐकू येतं.

तिसरं ताईंसाठी. ताई, डावीकडे खरंच दिसत नाही. माझी सीट उंच, स्कूटरवाला दाराला लागून उभा राहिला की आरशातही येत नाही आणि काचेतूनही नाही. पूर्वी क्लीनर असायचा. तो डाव्या खिडकीतून हात बाहेर काढून ओरडायचा. पगार वाचवायला मालकाने काढला. वर पैसे फेरीवर मिळतात. चार फेऱ्या झाल्या तरच घर चालतं, म्हणून सगळे पळवतात. ड्रम भरलेला असताना वळणावर गाडी एका अंगाला झुकते, तरी पळवतात. मीही पळवली आहे. तुमच्या भावाला ज्याने पाडलं तो मी नाही, पण मी असू शकलो असतो. हे लिहायला सांगताना मला लाज वाटते.

नऱ्हेची रहिवासी:
दादा, चार वर्षांत त्या बाजूच्या कुणी माझ्याशी असं बोललं नाही. तुम्हाला दोष देत नाही. पण साइटवाले, तुम्ही मला विचारलं होतं की दोष वेळेचा की न दिसण्याचा. आता मी विचारते. क्लीनर नाही, पैसे फेरीवर आणि गाड्या शाळेच्या वेळेत, हे तिन्ही तुम्हाला ठाऊक होतं ना? मग मघाशी फक्त साखरेची गोष्ट का सांगितलीत?

साइटवाला:
ठाऊक होतं. शेजारी उभं राहण्याचंही खरं आहे, मी एकदोनदा मान फिरवली आहे. पूर्ण दिवसाच्या बंदीला माझा विरोध कायम आहे. पण सकाळी आठ ते साडेनऊ गाडी रस्त्यावर नको, हे जमवता येतं. स्लॅब दहानंतर सुरू करायचा, एवढंच. पंपाचं भाडं वाढतं म्हणून कुणी करत नाही. गाडीत दुसरा माणूस नसेल तर गेटमधून आत घेणार नाही, असं आम्ही ऑर्डरमध्ये लिहू शकतो. आजवर लिहिलं नाही.

नऱ्हेची रहिवासी:
लिहा. मग मी होकार मागे घेण्याचा विचार करेन. आत्ता घेत नाही.

आकडेमोड:
आणि फेरीऐवजी महिन्याचा पगार. तो मुद्दा गाळू नका.

साइटवाला:
तो प्लँटवाल्यांच्या हातात आहे.

दहाचाकी:
माल तुम्ही विकत घेता साहेब. तुम्ही मागितलंत तर ते देतील.

साइटवाला:
शनिवारी २०४ घनमीटरचा स्लॅब आहे, ३४ गाड्या. दहाला सुरू करतो, असं आत्ताच प्लँटला कळवलं. क्लीनरचंही सांगितलं. ते म्हणाले, निम्म्या गाड्यांना देऊ शकतो. उरलेल्यांसाठी डावीकडे वळायच्या दोन्ही चौकांत माझी माणसं शिट्टी घेऊन उभी करतोय.

पाचवा मजला:
आणि पाइपवर कोण उभं राहणार? माझ्या छताचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

जुना ओव्हरसियर:
गच्चीचा उतार कुठल्या बाजूला आहे ते आधी सांगा. पाऊस थांबल्यावर पाणी कुठे साचतं? फोटो टाका.