मदत हवी आहे: देशी सातेरी मधमाश्यांच्या भरलेल्या पेटीची पावसाळी बेगमी कशी करावी?

मंडळी, नमस्कार.

गुहागर तालुक्यात समुद्राच्या अंगाला आमचं नारळ-पोफळीचं आगर आहे. तिथे सातेरीची आठ चौकटींची एक पेटी आहे. काजू-आंब्याच्या मोहोरापासून वसाहत जी वाढायला लागली ती अजून थांबलेली नाही. खालच्या कोठीतल्या सगळ्या चौकटी माश्यांनी झाकलेल्या, मधल्या पोळ्यांत काठोकाठ पिलावा (अंडी-अळ्या), वर मधकोठीतला बराचसा मध मेणाने बंद झालेला. दुपारच्या उकाड्यात दाराबाहेर माश्यांचा घोस लटकतो. आता जांभूळ-करंज आटोपले आणि मृग तोंडावर आला.

मधमाशीपालनाचे व्हिडिओ बघावेत तर बहुतेक थंडीची तयारी सांगतात, तीही बर्फाच्या मुलखातल्या मेलिफेरा (युरोपीय) माशीसाठी. आपल्याकडे थंडी म्हणजे उलट सुगी. उपासमार होते ती जून ते सप्टेंबर. झड लागली की माशी बाहेर पडू शकत नाही आणि उघडीप मिळाली तरी भिस्त माडाच्या फुलोऱ्यावर आणि बांधावरच्या लाजाळूवर. लाजाळूच्या परागावर पिलं वाढतील, पण उडायला लागणारी साखर कुठून येणार?

वसाहत जोरात आहे, याचीच मला काळजी वाटते. राणी अजून भरपूर अंडी घालते आहे. आजच्या अंड्यातली कामकरी माशी तीन आठवड्यांनी, म्हणजे पाऊस धरल्यावर बाहेर येणार. तिला काम नाही, पण खायला हवंच. उलट वसाहत दुबळी झाली तर मेणकिडा बसतो. शेजारच्या वाडीतली पेटी गेल्या श्रावणात उघडली तेव्हा पोळ्यांतून पांढरी जाळी आणि काळ्या लेंड्या निघाल्या, माशी एकही नव्हती. सातेरी उपाशी राहिली की घर सोडून जाते, तसंच झालं असावं.

घरच्यांचं म्हणणं, मध काढून घ्या आणि साखरेचा पाक द्या. मला ते पटत नाही. बंद मध माश्यांनी आटवलेला तयार आहे. पाकातलं पाणी भर पावसाच्या सर्द हवेत त्यांनी कसं उडवायचं? पण मधकोठी तशीच ठेवली आणि माश्यांना एवढी जागा राखता आली नाही तर पुन्हा मेणकिडा. बंद मधाच्या चौकटी खालच्या कोठीत कडेला लावल्या तर चालेल का? त्या उंचीला कमी असतात, खालच्या मोकळ्या जागेत माश्या वेडंवाकडं पोळं बांधतील अशी भीती वाटते. पाक द्यावाच लागला तर साखर-पाणी समसमान घ्यावं की साखर दुप्पट?

काहीजण आत्ताच वाटणी करून दोन पेट्या करा म्हणतात. मला उशीर झाल्यासारखा वाटतो. नवी राणी बाहेर यायला 16 दिवस, पुढे तिला मिलनासाठी उडायला उघडं आभाळ हवं, तोवर पाऊस धरलेला असेल. पण चौकटीखाली राणीघरं दिसली तर मोडावीत का? नुसती मोडून घोस निघायचा (माश्यांचा थवा राणीसह घर सोडून जायचा) थांबतो का?

शेवटचं जागेबद्दल. पेटीचं दार पश्चिमेला आहे, म्हणजे वाऱ्यापावसाचा मारा थेट आत. मागच्या पडवीत हलवायची आहे, पण अंतर एवढं थोडं की माश्या जुन्या जागीच परततील. रोज हात-दोन हात सरकवत नेणं हाच मार्ग आहे का? पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या आहेत, त्या पडवीतही ठेवणारच.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात किंवा महाबळेश्वरकडे ज्यांनी सातेरी पावसातून तगवली आहे त्यांनी कृपया लिहा. जूनमध्ये मध किती चौकटी ठेवला होता आणि गणपतीच्या सुमारास त्यातला किती उरला, एवढं कळलं तरी मोठी मदत होईल. रविवारी सकाळी पेटी उघडणार आहे, त्याआधी उत्तर मिळालं तर फार बरं.